रात्रीच्या रक्ताच्या उलटीसाठी तयार हात: ग्रामीण विदर्भातल्या फिजिशियनसाठी उपचारात्मक एंडोस्कोपीचं प्रत्यक्ष प्रशिक्षण

"पहिले काळी उलटी झाली जी, मंग लाल झाली." पांढरकवड्याच्या बाजूच्या एका गावातून आलेल्या मुलाने हे सांगितलं तेव्हा त्याच्या वडिलांचं ब्लड प्रेशर ८० होतं. पोटात पाणी आणि हाताला कंप होता. बरीच वर्षं दारू घेतल्याचा इतिहास होता. मी तेव्हा एका लहान रुग्णालयात फिजिशियन होतो. कपाटात गॅस्ट्रोस्कोप, म्हणजे तोंडातून जठरात घालायची दुर्बीण, होता आणि निदानापुरती एंडोस्कोपी मी करत होतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हॅरिसेस, मला ओळखता येत होत्या, पण त्यांना आवळणारा रबरी बँड लावता येत नव्हता. सलाइन आणि रक्त सुरू करून रुग्णाला नागपूरला पाठवलं. जांबच्या चौकाच्या अलीकडेच ते गेले. दुर्बीण होती, दिवा होता, नर्सही होती. शिकलेला हात तेवढा नव्हता.

हा लेख त्या हाताविषयी आहे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी काम करणाऱ्या, निदानाची एंडोस्कोपी आधीच करणाऱ्या फिजिशियनना पुढचं तंत्र हाताला धरून शिकवायचं असेल तर काय काय करावं लागतं, हे मी क्रमाने सांगतो. शिकवणाऱ्यांनी तो आराखडा म्हणून वाचावा. शिकणाऱ्यांनी आपल्याला कोणत्या टप्प्यावर काय मागून घ्यायचं आहे, यासाठी वाचावा.

आधी ठरवा: इथे 'प्रगत' म्हणजे काय

मोठ्या शहरातल्या कार्यशाळेत प्रगत म्हणजे ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनलिकेवर उपचार), एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, आतल्या आवरणाखालून गाठ सोलून काढणं. ते पडद्यावर बघायला सुंदर वाटतं. पण सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. धारणीहून अमरावतीला यायचं तर मेळघाटातला घाट उतरून दीडशेच्या आसपास किलोमीटर. एवढ्या अंतरावरच्या डॉक्टरला जी चार कामं रात्री-बेरात्री करावी लागतात, तीच माझ्या लेखी इथली प्रगत एंडोस्कोपी: व्हॅरिसेसना बँड लावणं, अल्सरमधलं रक्त थांबवणं, अडकलेली वस्तू काढणं आणि आवळलेली अन्ननलिका रुंद करणं.

प्रशिक्षण याच चार कामांभोवती बांधा. ईआरसीपी यात घेऊ नका. अमेरिकेतल्या एंडोस्कोपी संघटनेने जुन्या निकषांत ईआरसीपीसाठी किमान २०० प्रक्रिया सांगितल्या होत्या, आणि त्याही क्षमता तपासायला घेण्याआधीच्या. तालुक्याच्या गावी तेवढे रुग्ण मिळत नाहीत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे विदर्भात तरुण वयातच पित्ताचे खडे होतात आणि त्यातले काही पित्तनलिकेत उतरतात, हे खरं आहे. त्या रुग्णांना ओळखून, अँटिबायोटिक सुरू करून वेळेवर पुढे पाठवणं शिकवा.

त्याच निकषांत व्हॅरिसेसचा रक्तस्राव थांबवण्यासाठी २० आणि अल्सरसारख्या इतर रक्तस्रावांसाठी २५ प्रक्रिया होत्या, त्यातल्या काही प्रत्यक्ष वाहत्या रक्ताच्या. तीन दिवसांच्या शिबिरात कोणी तिथवर पोहोचत नाही. म्हणून मी सहा महिन्यांचा कार्यक्रम आखतो. सुरुवातीला तीन दिवसांचं शिबिर, मग शिकवणाऱ्यासोबत दर आठवड्याला एक ठरलेला दिवस, आणि शेवटी तुमच्याच रुग्णालयात तुमच्या नर्ससह काम.

पाणी, वीज आणि धुण्याची जागा

डॉक्टरांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून मी तो सगळ्यात आधी घेतो. एका शिबिरात पहिला अर्धा दिवस मी डॉक्टरांना फक्त स्कोप धुवायला लावला. दोन जणांनी नाराजी दाखवली. दुपारी त्यांच्यापैकीच एकाने लीक टेस्ट करताना पाण्यात बुडबुडे पाहिले. त्यांच्या रुग्णालयातून आणलेल्या स्कोपच्या आवरणाला छिद्र होतं आणि कित्येक दिवस कोणाला पत्ता नव्हता.

क्रम असा. स्कोप रुग्णाच्या तोंडातून बाहेर आला की तिथेच, खाटेशेजारी, एन्झाइमच्या द्रावणाने पुसायचा आणि तेच द्रावण स्कोपच्या आतल्या नळीतून, म्हणजे चॅनेलमधून, ओढून घ्यायचं. रक्त वाळलं तर ते चॅनेलच्या आत चिकटून बसतं. मग लीक टेस्ट. मग सिंकमध्ये बुडवून प्रत्येक चॅनेल ब्रशने घासायचा. ब्रश दुसऱ्या टोकाला स्वच्छ निघेपर्यंत थांबायचं नाही. त्यानंतर स्वच्छ पाणी, आणि मग २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये २० मिनिटं, किंवा ऑर्थोफ्थालाल्डिहाइड वापरत असाल तर बाटलीवर दिलेल्या वेळेइतकं. द्रावणाची ताकद रोज पट्टीने तपासायची. पट्टी नापास झाली की चौदावा दिवस यायची वाट न पाहता द्रावण फेकायचं. हायपोक्लोराइटच्या बादलीत स्कोप कधीही बुडवायचा नाही. शेवटी निर्जंतुक पाणी, ७० टक्के अल्कोहोल, दाबाची हवा, आणि स्कोप उभा टांगायचा.

उभा टांगणं आपल्याकडे फार महत्त्वाचं. जुलै-ऑगस्टमध्ये चॅनेलमध्ये ओल राहिली की जंतू वाढतात, आणि पेटीत गुंडाळून ठेवलेल्या स्कोपचं तर विचारूच नका. यवतमाळ-चंद्रपूरच्या बऱ्याच भागात बोअरचं पाणी जड आहे. ते नुसतं वापरलं तर पाण्याच्या बारीक नळीत क्षार साठतात आणि भिंगावर पाणी मारायची वेळ आली की धारच येत नाही. आरओचं पाणी आणि त्यावर बारीक फिल्टर, एवढी सोय शिबिराआधी करा. ग्लुटराल्डिहाइडच्या वाफेसाठी खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा हवा. धुणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीची लस दिलेली असावी, मावशी आणि वॉर्डबॉयसकट.

विजेसाठी ऑनलाइन यूपीएस घ्या. बँड लावताना पडदा काळा होणं म्हणजे रुग्ण हातातून जाणं. प्रोसेसर, दिवा, मॉनिटर आणि सक्शन या चारही गोष्टी त्यावर चालतात की नाही, हे मेन स्विच बंद करून एकदा तपासा. सक्शनचं विसरतं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे एसी नसेल तर उन्हाळ्यातले शिबिराचे दिवस सकाळी सातला सुरू करा.

पहिला दिवस: रुग्णाशिवाय हात

निदानाची एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांच्या हाताला काही सवयी लागलेल्या असतात. दोन्ही हात चाकांवर ठेवायचे, आणि स्कोप धरायला नर्सला सांगायचं. उपचाराच्या वेळी नर्सचे हात बँड, सुई आणि शीर चिमटणाऱ्या क्लिपमध्ये गुंतलेले असतात. म्हणून डाव्या हाताच्या अंगठ्यानेच मोठं चाक आणि जमेल तितकं लहान चाकही फिरवायला शिकायचं, तर्जनी पाणी-हवा आणि सक्शनवर ठेवायची, आणि उजवा हात फक्त स्कोपच्या दांड्यावर. डावं-उजवं वळण चाकाने घेण्याऐवजी मनगटाच्या पिळाने घ्यायचं. बारीक हातांच्या डॉक्टरांना, विशेषतः अनेक महिला डॉक्टरांना, लहान चाक अंगठ्याने गाठणं अवघड जातं. त्यांनी पिळावर जास्त भर द्यावा. खाटेची उंची कोपराच्या थोडी खाली ठेवली की खांद्याचं दुखणंही टळतं.

सरावासाठी महागडा सिम्युलेटर लागत नाही. वीस लिटरचा पाण्याचा कॅन घ्या आणि बाजूने कापून आत हात जाईल असं दार करा. आतल्या भिंतीवर एक ते दहा आकड्यांचे स्टिकर लावा, काही थेट तोंडाच्या जवळ, म्हणजे ते वाचायला स्कोप उलटा वळवावाच लागेल. एका लहान वाटीत तुरीचे दाणे ठेवा. काम असं: पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने बायोप्सी फोर्सेप्सने सगळे आकडे क्रमाने टेकायचे, आणि मग उंदीरदाती फोर्सेप्सने दहा दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत न्यायचे. वेळ लिहून ठेवा. वेगापेक्षा स्कोप किती स्थिर राहिला, याकडे लक्ष द्या. दाणा उचलताना टोक थरथरत असेल तर क्लिप लावतानाही ते थरथरणार.

शिकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शब्द आधी ठरवून घ्या. 'थांबा' म्हटलं की शिकणाऱ्याने हात जागच्या जागी थांबवायचा, मागे घ्यायचा नाही. 'मागे', 'पिळ उजवीकडे', 'मोठं चाक वर', 'हवा कमी'. एवढेच शब्द. "थोडं असं... नाही, तसं नाही" या बोलण्याने कोणी काही शिकत नाही. शिकवणाऱ्याने आपले हात पाठीमागे बांधून उभं राहावं. एका शिकवणाऱ्यामागे दोनच शिकणारे असावेत. तिसरा आला की तो बघ्या होतो.

दुसरा दिवस: जनावराच्या जठरावर

डुकराचं जठर आतून माणसाच्या जठरासारखं दिसतं, म्हणून जगभर याच जठरावर सराव करतात. खाटकाला दोन दिवस आधी सांगून ठेवा. अन्ननलिकेचा वीतभर तुकडा आणि लहान आतड्याची सुरुवात जठराला जोडलेली हवी, नाहीतर स्कोप आत घालायला वाटच उरत नाही. स्वच्छ धुवून फ्रीजरमध्ये ठेवता येतं. धर्मामुळे किंवा इतर कारणाने कोणी डुकराला हात लावणार नसेल तर आधीच विचारून बकऱ्याची अन्ननलिका आणा. बँडच्या सरावाला ती चालते. बकऱ्याचं जठर मात्र कामाचं नाही, ते चार कप्प्यांचं असतं.

या सरावासाठी वेगळा, जुना स्कोप ठेवा आणि त्यावर न निघणारी लाल पट्टी लावा. तो पुन्हा माणसात जाणार नाही. कितीही धुतला तरी नाही. बँडचे संच, क्लिप आणि सुया मुदत संपलेल्या मिळतात. नागपूर-अमरावतीच्या मोठ्या विभागांना विनंती केली की ते बाजूला काढून ठेवतात. त्यांच्यावरही तीच लाल पट्टी.

रक्तस्राव तयार करायचा असा. सलाइनच्या सेटची नळी जठराच्या बाहेरून आत टोचून, आतल्या आवरणातून जेमतेम डोकावेल अशी टाक्याने बसवा. बाटलीत पाणी आणि खायचा लाल रंग. मदतनीसाने बाटली दाबली की धार उडते. या एका जुगाडाने शिकणाऱ्याचा श्वास जसा वर चढतो, तसा कोणत्याही व्याख्यानाने चढत नाही. पडदा लाल झाल्यावर घाबरून स्कोप बाहेर न ओढता आधी पाणी, मग सक्शन, मग दिशा शोधायची. हे इथे पन्नास वेळा करून घ्या.

बँड

आधी साध्या स्कोपने पूर्ण तपासणी करा आणि व्हॅरिसेस दातांपासून किती सेंटिमीटरवर आहेत ते लिहा. अन्ननलिका आणि जठराचा सांधा मोठ्या माणसात साधारण ४० सेंटिमीटरवर येतो. मग स्कोप बाहेर काढून बँडचा संच चढवा. दोरा चॅनेलमधून ओढताना ढिला ठेवला तर पुढे आत गेल्यावर बँड सुटत नाही, आणि कारण कोणाच्याच लक्षात येत नाही. संचाची टोपी स्कोपच्या टोकावर बसल्यावर दृश्य बोगद्यातून बघितल्यासारखं होतं. घशातून स्कोप पुन्हा घालताना टोपी अडते, तिथे जोर लावू नका. गिळायला सांगा आणि हनुवटी थोडी उचला.

सुरुवात नेहमी सांध्याच्या लगेच वरून. शिरेवर टोक टेकवा आणि सक्शन धरून ठेवा. पडदा पूर्ण लाल झाला, टोपीत मांस भरलं, की मूठ फिरवायची. बँड सुटल्याचा झटका हाताला जाणवतो. सक्शन सोडा, किंचित हवा द्या आणि मागे या. अर्धवट भरलेल्या टोपीवर बँड सोडला तर तो दोन दिवसांत निसटतो आणि खाली उघडी जखम राहते. पुढचा बँड थोडा वर आणि वेगळ्या बाजूला, जिना चढल्यासारखा. आधी लावलेल्या बँडवरून टोपी पुन्हा खाली न्यायची नाही. वाहती शीर दिसली तर त्याच ठिकाणी किंवा लगेच खालच्या, जठराच्या बाजूला बँड. रक्तामुळे काहीच दिसत नसेल तर सांध्याशीच चारही बाजूंनी बँड लावा. वरून येणारी धार बऱ्याचदा कमी होते आणि मग जागा सापडते.

जठराच्या वरच्या भागातल्या शिरांवर बँडचं काम नाही. डॉ. शिवकुमार सरीन यांनी केलेलं जठरातल्या व्हॅरिसेसचं वर्गीकरण शिकणाऱ्यांनी चित्रासकट पाठ करावं. स्कोप उलटा वळवून जठराच्या घुमटात द्राक्षांचा घोस दिसला, तर तिथे सायनोॲक्रिलेट गोंदाचं इंजेक्शन लागतं. तो गोंद फुप्फुसापर्यंत जाऊ शकतो आणि स्कोपलाही कायमचा चिकटू शकतो. पहिल्या सहा महिन्यांत तो शिकवू नका.

बँडइतकंच बँडच्या आधीचं शिकवा. शिरांमधला दाब कमी करणारं टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड, आणि सेफ्ट्रायॅक्सॉन हे अँटिबायोटिक १ ग्रॅम, हे रुग्ण दारात आल्याबरोबर सुरू करायचं, एंडोस्कोपीची वाट न पाहता. हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या दरम्यान ठेवायचं. जास्त रक्त दिलं की शिरांमधला दाब वाढतो आणि पुन्हा रक्त सुटतं. नातेवाईक आणखी बाटल्या चढवायचा आग्रह धरतात. तेव्हा हे समजावणं डॉक्टरचंच काम आहे. एंडोस्कोपी १२ तासांच्या आत. रुग्ण गुंगीत असेल किंवा रक्ताच्या गुळण्या सुरू असतील तर श्वासनलिकेत नळी टाकल्याशिवाय स्कोपला हात लावायचा नाही.

आणि बँड जमलाच नाही तर? यासाठी सेंगस्टाकेन-ब्लेकमोरची फुग्याची नळी प्रत्येकाने मॉडेलवर टाकून बघावी. जठरातला फुगा थोडा फुगवून एक्स-रेत जागा तपासायची, मगच साधारण २५० मिलिलिटरपर्यंत भरायचा, आणि दोरीला ५०० मिलिलिटरची सलाइनची भरलेली बाटली टांगून ताण द्यायचा. जठरातला फुगा चुकून अन्ननलिकेत भरला तर ती फाटते. ही नळी २४ तासांची मुदत मिळवून देते. तेवढ्या वेळात १०८ ची ॲम्ब्युलन्स सिरोंच्याहूनही नागपूरला पोहोचते.

अल्सरचं रक्त

विदर्भात सोयाबीनच्या सोंगणीच्या आणि कापूसवेचणीच्या दिवसांत कंबरदुखीच्या गोळ्या आणि इंजेक्शनं फार चालतात. वेचणाऱ्या बाया दिवसभर वाकलेल्या असतात. सकाळी चहा, वर गोळी, आणि जेवण दुपारी. त्यानंतर काही आठवड्यांनी काळ्या शौचाचे रुग्ण यायला लागतात. म्हणून शिकणाऱ्याने स्कोप हातात घेण्याआधी गोळीचं पाकीट मागून बघावं.

अल्सरच्या रक्तस्रावाचं फॉरेस्टचं वर्गीकरण भिंतीवर लावा. उडती धार, पाझरणारं रक्त किंवा उघडी शीर दिसली तर उपचार करायचा. घट्ट चिकटलेली गुठळी असेल तर ती धुऊन खाली काय आहे ते बघायचं. सपाट काळा डाग किंवा स्वच्छ तळ असेल तर हात लावायचा नाही. हे न लावणंही शिकवावं लागतं, कारण नवा क्लिपवाला जिथे तिथे क्लिप लावतो.

ॲड्रिनलिनचं १ मिलिग्रॅमचं ॲम्प्युल आणि ९ मिलिलिटर सलाइन, म्हणजे दहा हजारात एक. शिरेच्या चारही बाजूंनी अर्धा ते दीड मिलिलिटर. याने धार मंदावते, पण परिणाम थोड्या वेळाचा असतो. म्हणून नुसत्या ॲड्रिनलिनवर कधीही थांबायचं नाही, पाठोपाठ क्लिप किंवा उष्णतेचा प्रोब हवाच. सुई आवरणात ओढून घेतल्याशिवाय चॅनेलमध्ये मागे घ्यायची नाही. नर्सने मोठ्याने 'सुई आत' म्हणायचं आणि डॉक्टरने ते ऐकल्यावरच ओढायचं. चॅनेल फाटला तर दुरुस्तीचा खर्च लाखांत जातो आणि स्कोप महिनोन्महिने परत येत नाही.

क्लिप लावताना स्कोप अल्सरच्या जवळ न्या, शक्यतो समोरासमोर. क्लिप उघडून शिरेच्या दोन्ही बाजूंना टेकवा, हलकं सक्शन देऊन ऊतक आत येऊ द्या, मिटवा, नजरेने खात्री करा, मगच सोडा. ड्युओडेनमच्या मागच्या भिंतीवरचा आणि जठराच्या लहान वळणावर उंच असलेला अल्सर, या दोन जागांमागे मोठ्या धमन्या असतात. तिथे उघडी शीर दिसली तर उपचार सुरू करण्याआधी सर्जनला उठवा. नंतर ॲसिड कमी करणारं पीपीआय ८० मिलिग्रॅम, आणि पुढे ७२ तास ताशी ८ मिलिग्रॅम. अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर या जंतूची तपासणी विसरू नका, ती विसरली तर पुढच्या वर्षी तोच रुग्ण त्याच खाटेवर येतो.

आवळलेली नळी आणि अडकलेला घास

"घास अटकते जी इथं," म्हणत छातीवर बोट ठेवणारे दोन प्रकारचे रुग्ण येतात. एक, संडास साफ करायचं ॲसिड प्यालेले, बहुतेक तरुण. दुसरे, वर्षानुवर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाणारे. दुसऱ्या प्रकारात आधी बायोप्सी, कारण कॅन्सर असू शकतो.

ॲसिड प्यालेल्यात २४ तासांच्या आत बघून झरगर यांच्या प्रतवारीप्रमाणे जखम किती गंभीर आहे ते नोंदवायचं. श्वास घरघरत असेल किंवा पोट कडक झालं असेल तर स्कोप नाही. पहिल्या तीन आठवड्यांत रुंदीकरणही नाही, तेव्हा भिंत मऊ असते आणि फाटते. पुढे तार टाकून सॅव्हरीच्या, वाढत्या जाडीच्या कांड्यांनी, हळूहळू. हाताला मध्यम अडथळा जाणवू लागल्यावर त्या बैठकीत आणखी तीनच मापं वाढवायची. हा 'तीनचा नियम' जुना आहे आणि मी तो सोडत नाही. नंतर गळ्याच्या कातडीखाली हवा करकरली किंवा छातीत कळ आली तर लगेच एक्स-रे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मटणाचं हाड अडकलेले रुग्ण येतात. टोकदार वस्तू टोपीत किंवा ओव्हरट्यूबमध्ये, म्हणजे स्कोपवरून चढवलेल्या नळीत, ओढून काढायची, टोक मागे राहील अशी. लहान मुलाने बटण-सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत असेल तर भूलतज्ज्ञासह दोन तासांच्या आत काढायचा. मूल एक वर्षाहून मोठं असेल आणि सेल गिळून १२ तास उलटले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देत आणायला फोनवर सांगावं. मधासाठी वाटेत कुठे थांबायचं मात्र नाही.

रुग्णाच्या खाटेशी

तिसऱ्या दिवसापासून रुग्ण. इथे दोन गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत, म्हणून सांगतो.

पहिली, तोंड उघडतं का. रुग्णाला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगा. खर्ऱ्यामुळे गालाच्या आत पांढरे कडक पट्टे आलेल्या कित्येकांचं एकच बोट जातं. दातांमधला माउथगार्ड बसत नाही, रुग्ण स्कोप चावतो, आणि बँडची टोपी तर आत जातच नाही. हे टेबलावर झोपवल्यावर कळून उपयोग नाही. असा रुग्ण बाह्यरुग्ण विभागातच वेगळा नोंदवा. निदानापुरतं पाच-सहा मिलिमीटरच्या बारीक स्कोपने नाकातून जाता येतं.

दुसरी, सिकलसेल. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, नंदुरबारकडून आलेली कुटुंबंही आपल्याकडे असतात. विचारा आणि कार्ड बघा, कार्ड नसेल तर तपासणी करा. अशा रुग्णाला सकाळचा पहिला नंबर द्यायचा, उपाशी ठेवायच्या वेळात सलाइन चालू ठेवायची, अंगावर ब्लँकेट, नाकाशी ऑक्सिजन. गुंगीचं मिडाझोलाम १ मिलिग्रॅमपासून, हळूहळू, आणि शेजारी त्याचा उतारा, फ्लुमॅझेनिल, भरून ठेवलेला. ऑक्सिजन एकदा जरी घसरला तर संध्याकाळी हाडांचं दुखणं उभं राहू शकतं.

संमतीपत्र मराठीत असतं, रुग्ण माडिया किंवा कोरकू बोलतो. आशाताई किंवा गावातलं कोणी सोबत असल्याशिवाय सही घेऊ नका. 'पोटात दुर्बीण' म्हटलं की अनेकांना पोट कापणार असं वाटतं. एकदा स्कोप हातात देऊन दाखवला की भीती निम्मी होते.

शिकणाऱ्याने प्रत्येक प्रक्रियेआधी एका वाक्यात सांगायचं: मी काय करणार आणि कुठे थांबणार. शिकवणारा स्कोप कधी हातात घेणार तेही आधी ठरलेलं असावं. रक्त सुरू असताना तीन प्रयत्न किंवा पाच मिनिटं, यातलं जे आधी होईल ते. असं ठरलेलं असलं की हातातून स्कोप घेतल्याचा अपमान वाटत नाही.

नंतरचे सहा महिने

वहीत प्रत्येक प्रक्रियेची एक ओळ: काय केलं, एकट्याने की मदतीने, किती बँड किंवा क्लिप, काय बिघडलं. बिघडलेलं लिहिणाऱ्यांनाच पुढच्या वेळी आधी शिकवतो, हे मी पहिल्या दिवशी सांगतो. रुग्णालयाने लेखी ठरवावं की हे डॉक्टर आता बँड एकट्याने लावू शकतात, क्लिप अजून नाही, वगैरे. हे सगळं एका दिवसात मिळत नाही आणि एका दिवसात मिळावंही नाही.

आपल्या एंडोस्कोपीच्या खोलीत एक लाल डबा ठेवा. त्यात एक बँडचा संच, दोन क्लिप, एक सुई, ॲड्रिनलिन, टर्लिप्रेसिन, सेंगस्टाकेनची नळी आणि कैची. मुदतीच्या तारखा डब्याच्या झाकणावर मोठ्या आकड्यात. सिस्टर दर सोमवारी तपासतात. कैची कशाला, असं शिकणारे विचारतात. फुग्याची नळी वर सरकून रुग्णाचा श्वास अडला तर ती कापून एका ओढीत बाहेर काढायला.

बँडनंतर पाचव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान जखमेची खपली पडते आणि रक्त सुटू शकतं. म्हणून सुट्टी देताना ज्वारीची कडक भाकर दोन आठवडे नाही, मऊ भात-वरण, आणि शिरांमधला दाब कमी ठेवणारी कार्व्हेडिलोलची गोळी सुरू. पुढचा बँड २ ते ४ आठवड्यांनी. सातव्या दिवशी सिस्टर फोन करतात: काळी शौच झाली का, चक्कर आली का, पुढची तारीख लक्षात आहे का. घरी मोबाइल नसेल तर शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर लिहून घ्यावा, आणि फोन संध्याकाळी सातनंतर करावा. दिवसभर घरचे सगळे वावरात असतात.